भरणारी आणि बघणारा

गडचिरोली जिल्ह्यातल्या गावोगावच्या दायांना बारापर्यंतच मोजता येत होतं. बाळाला न्यूमोनिया झालाय का हे ओळखायचं तर त्याचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा त्याहून मोठ्या बाळाचे पन्नास भरले, की धोका. दायांना साठपर्यंत मोजायला शिकवायचं, हा कुणालाही सुचेल असा उपाय होता. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी मोजायचं साधनच बदललं. छोट्या चौकटीत ओवलेले मणी आणि जोडीला मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजणं दायांना येतच होतं. या श्वासमापकाची माहिती १९९२ साली ‘इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’मध्ये छापून आली.

त्या चौकटीला ना बॅटरी होती, ना पडदा. तरी डिजिटल आरोग्यावरच्या पुस्तकाची प्रस्तावना मी तिथून सुरू करते आहे, कारण साधन कुणाच्या हातात जाणार आणि त्या हातांना आधीपासून काय येतं, हा प्रश्न तिथे साधन घडण्याआधी विचारला गेला होता. आज आपल्याकडे आरोग्याच्या नावानं जी ॲप, पोर्टलं आणि यंत्रं येतात, त्यांतल्या बहुतेकांबाबत हा प्रश्न साधन वाटून झाल्यावर विचारला जातो. त्यालाच मग ‘प्रशिक्षण’ असं नाव मिळतं.

या विषयाचा आवाका मोठा आहे. गरोदर बाईच्या फोनवर आठवड्याला येणारा आवाजी संदेश, मधुमेही मुलाच्या दंडावर चिकटवलेला सेन्सर, सिस्टरच्या टेबलावरची संगणक नोंद, केसपेपरसाठी स्कॅन करायचा चौकोन, एक्स-रे वाचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, हे सगळं डिजिटल आरोग्यात मोडतं. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी बनवतं आणि कुणीतरी दुसरंच वापरतं. वापरणाऱ्यांना बनवण्याच्या कामात आधीपासून सामील कसं करून घ्यायचं, याचा जगभर पन्नासेक वर्षं अभ्यास आणि खटाटोप चालू आहे. मराठीत त्यावर फारच थोडं लिहिलं गेलं आहे.

आपल्या भाषेत रुळलेला शब्द ‘वापरकर्ता’. तो पुल्लिंगी आहे आणि एकवचनीही. महाराष्ट्रातल्या सरकारी आरोग्यसेवेत मात्र जिच्या हातात फोन असतो ती बहुधा बाई असते आणि ती एकटी नसते. आशा माहिती गोळा करते, गटप्रवर्तक ती तपासते, उपकेंद्रातली एएनएम ती चढवते, प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची बेरीज होते, आणि जिल्ह्याला, राज्याला, दिल्लीला तिचे आलेख दिसतात. ज्या बाईची ती माहिती, तिला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ‘वापरकर्ता’ हा शब्द मी दोन भागांत तोडून वापरते: भरणारी आणि बघणारा. बहुतेक साधनं बघणाऱ्याच्या सोयीनं घडतात आणि भरणारीच्या गळ्यात पडतात. या पुस्तकाचा सगळा ऐवज या एका भेदाभोवती गोळा झालेला आहे.

हा भेद मला पुस्तकात सापडला नाही. एका उपकेंद्राच्या ओट्यावर एक आशाताई तीच माहिती आधी वहीत आणि मग मोबाइलवर भरत होत्या. दोनदा कशाला, असं मी विचारलं. वही त्यांच्या स्वतःच्या कामाची होती आणि मोबाइल वरच्यांसाठी होता, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग वही उघडून दाखवली. पानं वस्तीप्रमाणे लावलेली, म्हणजे चालत जायच्या वाटेनं. काही नावांपुढे पेन्सिलीनं ‘माहेरी’ असं लिहिलेलं, पुढे गावाचं नाव आणि भावाचा फोन. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे इथे पोराटोरालाही ठाऊक आहे. त्यांच्या ॲपमध्ये मात्र बाई एका गावाला कायमची बांधलेली होती. ती माहेरी गेली की पडद्यावर तपासणी ‘बाकी’ दिसायची आणि खुलासा आशाताईंना द्यावा लागायचा. शेवटच्या पाळीची तारीख हा असाच दुसरा रकाना. तारीख कुणाला आठवते? नागपंचमीच्या आधी, लग्नाहून परतल्यावर, असं आठवतं. आशाताई भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं उलटत त्या आठवणीची तारीख करतात. हे त्यांचं कौशल्य ॲपला माहीत नव्हतं. त्याला फक्त आकडा हवा होता.

वापरणाऱ्यांना सामील करण्याच्या विचाराचा उगम दवाखान्यात नाही, कारखान्यात आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेनं क्रिस्टेन नुगोर या संगणकशास्त्रज्ञाबरोबर काम सुरू केलं. हे साधे गृहस्थ नव्हते. उले-योहान डाल यांच्यासह त्यांनी रचलेल्या ‘सिम्युला’ या भाषेनं पुढच्या सगळ्या प्रोग्रॅमिंगला वळण दिलं. कारखान्यात संगणक येणार तर त्यावर कामगारांचं काय म्हणणं आहे, हे कामगारांना स्वतः ठरवता आलं पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९७७ च्या नॉर्वेच्या कामकाज-पर्यावरण कायद्यात अशा सहभागाला जागा मिळाली. १९८१ साली सुरू झालेल्या ‘युटोपिया’ प्रकल्पात स्वीडन-डेन्मार्कमधले छपाई कामगार आणि संशोधक एकत्र आले. वर्तमानपत्राचं पान संगणकावर लावायची यंत्रं अजून हाती आली नव्हती, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याची आणि लाकडाची खोटी यंत्रं मांडली. रिकाम्या खोक्यावर ‘लेझर प्रिंटर’ असं लिहिलं आणि त्यांच्यासमोर उभं राहून काम करून पाहिलं. कागदावरचा आराखडा बघून कामगार मान डोलावतो, पण खोक्यापुढे उभा राहिला की त्याचे हातच सांगतात काय जमणार नाही. ही पद्धत आज जगभर वापरली जाते. तिच्या मुळाशी कामगार संघटना होती, हे मात्र बहुतेक ठिकाणी विसरलं गेलं आहे, आणि मला ते विसरणं महागात पडलेलं दिसतं.

याच परंपरेतून १९८३ मध्ये ओस्लोत ‘फ्लोरेन्स’ प्रकल्प उभा राहिला. नाव अर्थातच नाइटिंगेलचं. ग्रो ब्यर्कनेस आणि तोने ब्रातेतेग या संशोधिकांनी परिचारिकांचं काम आधी शिकून घेतलं आणि संगणकाचा विचार मग केला. परिचारिकांना हवं होतं ते साधंच होतं: पाळी बदलताना हातात असावा असा कामाचा कागद, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या क्रमानं. डॉक्टरांचं किंवा प्रशासनाचं काम सोपं करणारी यंत्रणा मागाहून परिचारिकांवर लादण्याऐवजी परिचारिकांपासून सुरुवात करणं, हे त्या काळात धाडसाचंच होतं.

ओस्लोचाच धागा पुढे दक्षिण आफ्रिकेत पोहोचला. वर्णभेदी राजवटीनं तिथे चौदा वेगवेगळी आरोग्य खाती मागे ठेवली होती. १९९४ नंतर केप टाउन परिसरात योर्न ब्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांसह माहितीची यंत्रणा रचायला घेतली, आणि त्यात सगळ्यांत अवघड काम निघालं ते रकाने कमी करण्याचं. कमीत कमी कोणती माहिती पुरेल, हे भरणाऱ्यांशी बसून ठरवायचं होतं. जी माहिती गोळा करणाऱ्याला त्याच्याच पातळीवर उपयोगी पडत नाही, ती वर पाठवायचीही नाही, असा तो आग्रह. यातून तयार झालेली डीएचआयएस ही मुक्त प्रणाली तिच्या पुढच्या आवृत्तीत अनेक देशांच्या आरोग्य खात्यांत चालते आणि भारतातल्या काही राज्यांनीही ती वापरली. प्रणाली इकडे आली, तो आग्रह मात्र सगळीकडे आला असं म्हणवत नाही.

कारखान्यातून निघालेला हा पहिला प्रवाह. दुसरा प्रवाह अपघातांतून आला. थेरॅक-२५ हे किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्यानं सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी पट जास्त मात्रा दिली. त्यांतले काही दगावले. टेक्ससमधल्या एका प्रसंगात चालवणारीनं चुकीचं अक्षर दाबलं, झटकन दुरुस्त केलं, आणि तिच्या बोटांचा वेग सॉफ्टवेअरला झेपला नाही. पडद्यावर आलं, ‘मालफंक्शन ५४’. याचा अर्थ कुठेही समजावलेला नव्हता. असले संदेश दिवसातून अनेकदा येत आणि एक कळ दाबून पुढे जायची सवय झालेली होती. तिनंही ती कळ दाबली. ‘माणसाची चूक’ म्हणून फाइल बंद करणं सोपं होतं. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या चौकशीनं चूक यंत्र घडवण्याच्या पद्धतीतच होती हे उघड केलं. काम करणाऱ्याच्या डोळ्यांचा, बोटांचा, थकव्याचा अभ्यास करून यंत्र घडवावं, असं सांगणारं मानवी घटकांचं शास्त्र वैद्यकीय उपकरणांत रुजलं त्यामागे अशा शोकांतिका आहेत. डॉनल्ड नॉर्मन यांच्या लेखनानं हाच विचार सर्वसामान्य वस्तूंपर्यंत नेला. या शास्त्राबद्दल मला पूर्ण आदर आहे. त्यानं जीव वाचवले आहेत. पण ते यंत्र कसं असावं इतकंच विचारतं. ते यंत्र असावं का आणि हे कोण ठरवणार, हा नॉर्वेतल्या कामगारांचा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

तिसरा प्रवाह रुग्णांचा. आमच्याविषयी आमच्याविना काही ठरवू नका, ही अपंग हक्क चळवळीची मागणी आणि संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा अपंग हक्क करार यांतून त्याला बळ मिळालं. इंग्लंडमध्ये पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट यांनी ल्यूटन अँड डन्स्टेबल रुग्णालयात डोकं आणि मानेच्या कर्करोगाचे रुग्ण व कर्मचारी यांना एकत्र बसवून सेवा नव्यानं रचली. पण या प्रवाहाचं सगळ्यांत ठळक रूप टाइप-१ मधुमेहाच्या रुग्णांनी दाखवलं. अमेरिकेतल्या डॅना लुइस यांना झोपेत साखर कमी झाल्याचा गजर ऐकू येत नसे, कारण तो फार हळू वाजायचा. २०१३ मध्ये स्कॉट लाइब्रँड यांच्यासह त्यांनी स्वतःच्या सेन्सरची माहिती बाहेर काढून मोठा गजर तयार केला आणि त्यातूनच पुढे इन्शुलिनची मात्रा आपोआप सांभाळणारी प्रणाली उभी केली. ती २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. त्याच सुमारास मधुमेही मुलांच्या आईवडिलांनी ‘नाइटस्काउट’ उभारलं, म्हणजे शाळेतल्या मुलाची साखर घरी दिसू लागली. आम्ही थांबणार नाही, असं या सगळ्यांचं घोषवाक्य होतं. २०२३ च्या जानेवारीत या चळवळीतून आलेल्या ‘टाइडपूल लूप’ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. रुग्ण पुढे आणि कंपन्या मागे, असं क्वचित घडतं. मात्र ज्याच्याकडे सेन्सर घेण्याइतके पैसे आणि कोड लिहिण्याइतकं शिक्षण आहे त्याच्याच हातून हे घडलं, हेही नोंदवलं पाहिजे. आपल्याकडे टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाचे आईवडील महिन्याच्या पट्ट्यांचाच हिशोब करत असतात.

भारतात या तिन्ही प्रवाहांचे अंश सापडतात. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली मुंबईत स्थापन केलेल्या ‘आरमान’ या संस्थेची ‘एममित्र’ सेवा गरोदर बायकांना हिंदी-मराठीत फोनवर संदेश ऐकवते. फोन कधी यावा हे बाईनं ठरवायचं. बाहेरून पाहणाऱ्याला हा तपशील किरकोळ वाटेल. पण घरात एकच फोन असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात कामावर जातो, हे ठाऊक असलेल्यालाच ही सोय सुचते. बिहारमधल्या ‘मोबाइल कुंजी’त आशांच्या हातात चित्रांच्या पत्त्यांची जुडी होती आणि प्रत्येक पत्त्यावरचा क्रमांक लावला की ‘डॉक्टर अनिता’ बोलायच्या. साधा बटणांचा फोन पुरे. क्षयरोगासाठीच्या ‘नाइन्टीनाइन डॉट्स’मध्ये गोळी काढली की खाली लपलेला फोन क्रमांक दिसायचा आणि त्यावर फुकट फोन केला की आजची गोळी घेतली अशी नोंद व्हायची. कल्पना सुंदर होती. तरी गोळी घेऊनही फोन न करणारे रुग्ण निघालेच. घरात आजार लपवलेला असतो, फोन दुसऱ्याचा असतो, रोज कुणाला तरी हजेरी देण्याचा कंटाळाही येतो. कल्पक माणसानं रुग्णासाठी विचार करणं आणि रुग्णाबरोबर विचार करणं यांत किती अंतर आहे, याचा हा प्रामाणिक धडा आहे.

आणि मग ऑगस्ट २०२१. राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. त्या मोर्चांची छायाचित्रं पाहताना मला नॉर्वेतले ते धातू कामगार आठवले. सेविकांच्या तक्रारी मोघम नव्हत्या: दोन जीबी रॅमचे फोन तापतात आणि हँग होतात, दुरुस्तीचा खर्च आपल्या खिशातून जातो, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते. बालकाचं नाव रोमन अक्षरांत कसं लिहायचं, या एका गोष्टीवर त्यांचे किती तास गेले असतील! मराठीचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. वृत्तपत्रांनी याकडे मानधनाचं आणखी एक आंदोलन म्हणून पाहिलं. माझ्या मते महाराष्ट्रातलं साधनाच्या रचनेवरचं हे सगळ्यांत मोठं जाहीर परीक्षण होतं, आणि ते ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्यांनी केलं. एखाद्या कंपनीला असा अभिप्राय विकत मिळाला नसता. २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. त्यासाठी लागणारा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या क्रमांकावर. तो क्रमांक कधीच बंद झालेला असतो किंवा नवरा ऊसतोडीला गेलेला असतो. दारात उभ्या असलेल्या बाईला ओळखणारी सेविका समोर असते, पण तिची ओळख यंत्राला चालत नाही.

लसीकरणाच्या वेळचं ‘कोविन’ सगळ्यांच्या आठवणीत आहे. १ मे २०२१ ला अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली ती ऑनलाइन नोंदणीच्या अटीवर, आणि तेव्हा पोर्टल इंग्रजीत होतं. शहरातली तरुण मंडळी गाड्या काढून गावच्या केंद्रांवर गेली आणि गावची माणसं ओसरीवर बसून राहिली. सर्वोच्च न्यायालयानं या डिजिटल दरीवर थेट बोट ठेवलं. हिंदी-मराठीसह इतर भाषा जूनमध्ये आल्या, वरातीमागून घोडं यावं तशा. इंग्लंडचा अनुभवही वेगळा नाही: २००२ साली सुरू झालेला तिथल्या आरोग्यसेवेचा प्रचंड संगणकीकरण कार्यक्रम अब्जावधी पौंड खर्चून २०११ मध्ये मोडीत काढावा लागला, आणि डॉक्टर-परिचारिकांना पुरेसं सोबत न घेणं हे त्यामागच्या मुख्य कारणांपैकी एक होतं. रिचर्ड हीक्स यांनी आराखडा आणि वास्तव यांच्यातली दरी असं जे म्हटलं आहे, ते श्रीमंत देशांनाही चुकलेलं नाही.

हे सगळं आत्ताच का मांडायचं? आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं आणि चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक आता ओपीडीच्या खिडकीवर मागितला जातो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला. त्यात संमतीला मध्यवर्ती स्थान आहे, आणि तापानं फणफणलेलं मूल कडेवर घेतलेली आई रांगेत उभी राहून ‘मान्य आहे’वर बोट ठेवते तेव्हा त्या संमतीचा अर्थ काय, हे कुणी तिच्यासोबत बसून तपासलेलं मला माहीत नाही. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. तिच्या धोक्याची चुणूक साध्या यंत्रानंही आधीच दाखवली आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या एका अभ्यासानं दाखवलं की बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा चुकवत होतं. कोविडमध्ये आपण घरोघरी याच यंत्राच्या आकड्यावर विसंबून होतो. ज्यांच्या त्वचेवर, ज्यांच्या बोलीत, ज्यांच्या छातीच्या चित्रांवर यंत्र शिकलं नाही, त्यांच्यावर ते चुकणार. उद्या डॉक्टर-रुग्णाचं बोलणं ऐकून टिपण करणारं यंत्र आलं, तर ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगात कसकस आहे’, ‘पोटात गोळा येतो’ याचं ते काय लिहील? माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्या बाईचं तर सोडाच.

सहभाग हा शब्दही आता गुळगुळीत झाला आहे, म्हणून त्याविषयी सावध राहिलं पाहिजे. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्येच नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाशी फसवणूक, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं आणि मत विचारणं, वर खरी सत्ता. आपल्याकडच्या बहुतेक ‘युजर कार्यशाळा’ मधल्या पायऱ्यांवर थांबतात. आशांना बोलावतात, चहा-नाश्ता होतो, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लागतात, छायाचित्र निघतं. रकाना मात्र एकही कमी होत नाही. कोणतंही साधन आमच्या सहभागातून घडलं असं कुणी म्हणालं तर मी एकच विचारते: त्यांच्या सांगण्यावरून तुम्ही काय काढून टाकलं? आणि त्या नको म्हणाल्या असत्या तर ते थांबलं असतं का?

हा संग्रह त्या दोन प्रश्नांवर उभा आहे. त्यात आशा, सेविका आणि एएनएम यांनी सांगितलेले अनुभव आहेत. त्यांच्या शेजारी डिझायनर, प्रोग्रॅमर आणि वैद्यकीय अधिकारी यांचं लेखन आहे, आणि कुठेही एकाला दुसऱ्याचं परिशिष्ट केलेलं नाही. सिद्धांत हवा असणाऱ्यांना तो मिळेल, पण कामाच्या पोटात. काही लेख एकमेकांशी भांडतात. कागदाची वही संपलीच पाहिजे असं ठामपणे मानणारा एक लेखक इथे आहे. मला त्याचं पटत नाही, तरी त्याच्या युक्तिवादाला मी अजून पुरतं उत्तर देऊ शकलेले नाही. आदिवासी बोलींमधलं आणि अपंग व्यक्तींनी स्वतः केलेलं लेखन कमी पडलं आहे, ही या खंडाची मोठी उणीव आहे.

एका गोष्टीवर मात्र सगळ्या लेखकांचं एकमत झालं आणि ती पैशांची होती. रचनेच्या बैठकीला येणाऱ्या डिझायनरचा, अधिकाऱ्याचा, संशोधकाचा त्या दिवसाचा पगार चालू असतो. आशेचा मोबदला बराचसा कामागणिक असतो. ती तालुक्याला बैठकीला आली तर त्या दिवसाच्या भेटी राहतात आणि पैसे बुडतात. एका लेखात अशा एका दिवसाचा पूर्ण हिशोब मांडला आहे: जाण्यायेण्याचं एसटीचं तिकीट, राहिलेल्या भेटी, धाकट्याला सांभाळणाऱ्या शेजारणीला दिलेले पैसे, आणि रात्री घरी परतल्यावर मोबाइलवर भरलेली त्या दिवसाची माहिती.